टाकी अंथरायची का ठेवायची?

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख दे, म्हणून संपादक मंडळातला एक मित्र महिनाभर माझ्या मागे लागला होता. शेवटच्या तारखेला तो रूमवरच येऊन बसला आणि म्हणाला, “अरे, एवढा कसला विचार करतोस? एआयला विषय सांग, शब्दमर्यादा सांग, दोन मिनिटांत लेख हजर. वर ‘मराठीत, जरा भावनिक’ असं टाक म्हणजे झालं!” मी त्याला टपरीवर चहा पाजला, परत पाठवलं आणि वही उघडली. लेख बरा झालाय की वाईट ते तुम्ही ठरवा, पण तो आपणच लिहायचा असं मी ठरवलं त्यामागे एक कारण आहे. ते कारण पाच हजार लिटरचं आहे, काळ्या रंगाचं आहे आणि सध्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात उभं आहे.

तर झालं असं. आमचं गाव माण तालुक्यातलं. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर नाहीतर कास पठार आठवतं, पण माण हा त्याच जिल्ह्यातला दुष्काळी भाग. आमच्याकडे पाण्याचं वेळापत्रक युनिव्हर्सिटीच्या वेळापत्रकापेक्षाही जास्त वेळा बदलतं! नळाला पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि उन्हाळा लागला की टँकर. म्हणून मी सेकंड इयरला असताना मार्च महिन्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलं की घरावर एकच मोठी टाकी बसवून टाकायची. आणि त्यांनी मला फोन केला.

“तू सिव्हिलला आहेस ना? मग सांग बघू, आपल्या स्लॅबवर पाच हजाराची टाकी चालेल का?”

मित्रांनो, या प्रश्नाचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. तोपर्यंत घरून मला फक्त दोनच प्रश्न विचारले जायचे. एक, ‘जेवलास का?’ आणि दुसरा, ‘मोबाइल हँग का होतो?’ इंजिनिअर म्हणून विचारलेला हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रश्न. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “अण्णा, तासाभरात सांगतो. कॅल्क्युलेशन करावं लागेल.”

कॅल्क्युलेशन कसलं! सबमिशनचा आठवडा होता, टर्मवर्कच्या फायली उशाशी पडल्या होत्या, मेसमध्ये आमटीच्या वाटीशेजारी मोबाइल होता. एआयला विचारलं: घराचा स्लॅब वीस बाय बावीस फूट, आरसीसी, टाकी पाच हजार लिटर, चालेल का? आमटी गार व्हायच्या आत उत्तर आलं. आणि काय उत्तर होतं! मथळे, उपमथळे, ठळक अक्षरं, शेवटी हिरवी बरोबरची खूण. गणित असं होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून एकूण वजन सुमारे ५००० किलो. स्लॅबचं क्षेत्रफळ २० × २२ = ४४० चौरस फूट. म्हणजे दर चौरस फुटाला साधारण ११ किलो. आपल्या आय.एस. ८७५ या मानकाच्या दुसऱ्या भागात, जिथे माणसं ये-जा करतात अशा सपाट छपरासाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरायला सांगितलाय. तो होतो दर चौरस फुटाला सुमारे १४ किलो. अकरा हे चौदापेक्षा कमी. सबब, टाकी बसवणं सुरक्षित आहे.

सगळ्यात खाली एक ओळ होती, ‘प्रत्यक्ष बांधकामापूर्वी तज्ज्ञ अभियंत्याचा सल्ला घ्यावा.’ उत्तर घरच्या ग्रुपवर टाकताना ती ओळ मी काढून टाकली. का? तर घरच्यांच्या दृष्टीने तज्ज्ञ अभियंता मीच होतो ना!

ग्रुपवर काकांनी अंगठा दिला, आत्याने ‘शाब्बास’ लिहिलं. अण्णांनी दुसऱ्या दिवशी दहिवडीला जाऊन टाकीची ऑर्डर दिली. जागाही ठरली. पाइप कमी लागावा म्हणून स्लॅबच्या बरोबर मध्यावर. त्याच्या खाली आमची मधली खोली. मधल्या खोलीत आजीचा पलंग.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होते गवंडीमामा. आमचं घर यांनीच बांधलेलं. शिक्षण सातवी. मला लहानपणापासून ओळखतात.

“काय इंजिनेर, बरं हाय न्हवं? एक इचारू का? रागावू नगं.”

“विचारा की मामा.”

“न्हाय, तुझं गणित अण्णांनी वाचून दावलं. समदं बराबर आसंल. मला एवढंच सांग, टाकी अख्ख्या स्लॅबवर आंथरायची हाय, का एका जाग्यावर ठिवायची हाय?”

मी गप्प. खरं सांगतो, पुढची दहा सेकंदं मी काहीच बोललो नाही. कारण प्रश्न ऐकल्याबरोबर उत्तर कळलं होतं. टाकीचं बूड साधारण सहा फूट व्यासाचं. म्हणजे २८ चौरस फूट जागा. पाच हजार किलो भागिले अठ्ठावीस, दर चौरस फुटाला पावणेदोनशे किलोच्या वर. जिथे चौदा धरायचे तिथे पावणेदोनशे! बारा पटीहून जास्त. आणि तेही कुठे, तर स्लॅबच्या बरोबर मध्यावर, जिथे वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त असतो असं तिसऱ्या सेमिस्टरच्या पेपरात मी स्वतःच्या हाताने लिहून आलो होतो. पसरलेला भार आणि एका जागचा भार यांच्या आकृत्या मला झोपेतही काढता येतात. त्या विषयात मला चांगले मार्क होते हो!

स्लॅब पडलाच असता असं मी म्हणत नाही. आत लोखंड किती आहे, बीम कुठून गेलेत, काँक्रीट कसं झालंय, यावर ते ठरतं. पण ‘सुरक्षित आहे’ असं म्हणायला माझ्याकडे कसलाही आधार नव्हता. आणि खाली आजी झोपत होती.

रूमवर येऊन मी पहिलं काम काय केलं असेल तर एआयला जाब विचारला! “अरे, टाकी एका जागी ठेवायची आहे, तू वजन सगळ्या स्लॅबवर कसं वाटलंस?” ताबडतोब उत्तर, “तुम्ही अगदी बरोबर आहात! चूक लक्षात आणून दिल्याबद्दल धन्यवाद,” आणि खाली नवं, बरोबर गणित. तेवढ्याच मथळ्यांसकट. मग मला राहवेना. मी मुद्दाम लिहिलं, “नाही, मला वाटतं पहिलंच बरोबर होतं.” तर त्यावर उत्तर, “होय, एका अर्थी तुमचं म्हणणं योग्य आहे...” आता बोला!

त्या रात्री मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, ही यंत्रं प्रचंड मजकूर वाचून, पुढचा शब्द कोणता येणं सयुक्तिक ठरेल हे शिकलेली असतात. त्यामुळे बरोबर उत्तराचा आणि चुकीच्या उत्तराचा आवाज सारखाच. गवंडीमामा बोलताना अडखळले, ‘रागावू नगं’ म्हणाले. आमचे सर खात्री नसेल तेव्हा फळ्यासमोर डोकं खाजवतात. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून आपण ओळखतो की इथे जरा जपून. स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेला चेहरा नसतो.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी होती. यंत्राचा भागाकार चुकला नव्हता. ५००० भागिले ४४० साधारण अकराच येतात. टाकी कुठे ठेवणार हे मी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याने एक गोष्ट गृहीत धरली आणि ती मी वाचलीसुद्धा नाही. मला विषय येत होता, आकडे येत होते, कागद-पेन्सिल होती. फक्त अर्धा मिनिट थांबायचं होतं. तेवढं मी थांबलो नाही.

दोन दिवसांनी हा सगळा प्रकार मी आमच्या एका सरांना सांगितला. वाटलं होतं, चांगलेच झाडतील. पण ते हसले, कपाट उघडून एक लांबट पेटी काढली आणि आत होती स्लाइड रूल! सरांचे वडील बांधकाम खात्यात होते, त्यांची. कॅल्क्युलेटर यायच्या आधी इंजिनिअर मंडळी गुणाकार-भागाकार याच सरकत्या पट्टीवर करायची. सरांनी पट्टी सरकवून मला विचारलं, “दोन गुणिले तीन?” मी वाचलं, सहा. “आता वीस गुणिले तीनशे?” पट्टी तशीच. उत्तर पुन्हा सहाच दिसतंय! “मग हे सहा, की सहाशे, की सहा हजार?” सर म्हणाले, “ते पट्टी सांगत नाही. दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून पट्टीला हात लावायच्या आधी माणसाला उत्तर साधारण किती येणार याचा अंदाज डोक्यात करावाच लागायचा. ते यंत्रच असं होतं की अंदाज केल्याशिवाय ते वापरताच येत नव्हतं.”

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आपली यंत्रं बरोबर उलटी आहेत. ती दशांशचिन्हासकट, मथळ्यासकट, निष्कर्षासकट उत्तर देतात, त्यामुळे आपण अंदाज करायचं सोडून दिलंय. आणि स्वतःचा अंदाजच नसेल तर समोरचं उत्तर चुकलंय हे कळणार कशाच्या आधारावर? चुकीचं वाटायलासुद्धा आधी काहीतरी वाटलेलं असावं लागतं!

मग सरांनी मला अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या एका मोठ्या क्रीडागृहाची गोष्ट सांगितली. नंतर मी ती लायब्ररीत बसून वाचून काढली. हे क्रीडागृह १९७५ मध्ये खुलं झालं. छप्पर म्हणजे पोलादी दांड्यांची प्रचंड जाळी, साधारण ३०० बाय ३६० फूट. त्या काळात कॉम्प्युटरवर डिझाइन करणं ही नवलाईची गोष्ट होती, आणि हे छप्पर कॉम्प्युटरच्या मदतीने डिझाइन केलेलं होतं. जाळी जमिनीवर जोडून मग वर उचलली, तेव्हा मोजमापात असं दिसलं की ती गणितात आलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट वाकली आहे. हे डिझाइन करणाऱ्यांच्या कानावर घालण्यात आलं. त्यांचं म्हणणं पडलं की गणित आणि प्रत्यक्ष यांत असा फरक राहायचाच. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे, बर्फाच्या वादळात ते अख्खं छप्पर खाली आलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता आणि सुमारे पाच हजार प्रेक्षक घरी गेले होते. पहाटे क्रीडागृह रिकामं होतं म्हणून माणसं वाचली.

पुढच्या तपासात काय निघालं? जाळीच्या वरच्या दांड्या दाबाखाली बाजूला वाकू नयेत म्हणून त्यांना मध्ये आधार आहे असं गणितात धरलेलं होतं. प्रत्यक्षात तो आधार तसा नव्हता. म्हणजे कॉम्प्युटरने सांगितलेलं गणित केलं, आणि जे छप्पर बांधलंच नव्हतं त्याचं उत्तर दिलं! माझ्या टाकीचंही तेच. एआयने अख्ख्या गच्चीवर अंथरलेल्या टाकीचं उत्तर दिलं होतं. अशी टाकी बाजारात मिळत नाही.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं सांगू? छप्पर दुप्पट वाकलंय हे कुणीतरी मोजलं होतं. कुणीतरी विचारलंही होतं. तिथेही एक गवंडीमामा होतेच म्हणा ना. फरक इतकाच की आमच्या मामांचा प्रश्न ऐकून मला लाज वाटली आणि मी थांबलो. त्याबाबतीत तरी मी स्वतःला पाच मार्क देतो.

आता आपल्या कॉलेजविषयी. आपल्याकडे नक्कल काही आज आलेली नाही. आपल्या सीनियर्सनी काचेखाली ट्यूबलाइट लावून ड्रॉइंगच्या शीटवर जीटी मारली. जर्नल छापणं ही तर आपली पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा! पण जीटी मारणाऱ्याला एक गोष्ट नक्की ठाऊक असायची, की ही शीट आपण काढलेली नाही. एक्स्टर्नल समोर बसला की त्याचे पाय लटपटायचे ते त्यामुळेच. एआयची गंमत अशी की प्रश्न आपण टाइप केलेला असतो, त्यामुळे उत्तरही आपल्यालाच सुचलं असा भास होतो. घरच्या ग्रुपवर ‘शाब्बास’ आल्यावर मला खरोखर वाटलं होतं की कॅल्क्युलेशन मी केलंय!

तरीही एआय वापरू नका, असं सांगणारा हा लेख नाही. (तसं लिहिलं तर माझे रूम पार्टनरच मला हसतील.) २०२२ च्या अखेरीस ही गप्पा मारणारी यंत्रं सगळ्यांच्या हातात आली तेव्हा मी बारावीत होतो. त्यांच्याशिवायचं इंजिनिअरिंग मी पाहिलेलंच नाही. मी आजही रोज वापरतो. फक्त क्रम बदललाय. आधी वहीत स्वतःचा अंदाज लिहायचा, चुकला तरी चालेल, पण आकडा लिहायचा. मग विचारायचं. उत्तर आलं की पहिल्यांदा निष्कर्ष बघायचा नाही, आपण न सांगितलेलं त्याने काय काय धरलंय ते शोधायचं. आणि मानकाचं कलम दिलं असेल तर पुस्तक उघडून ते कलम वाचायचं. एकदा असंच आय.एस. ४५६ मधलं एक कलम मोठ्या रुबाबात आलं होतं. लायब्ररीत जाऊन उघडलं तर त्या क्रमांकावर भलताच विषय!

कधीकधी मी उलटंही करतो. गणित मी करतो आणि त्याला सांगतो, “उत्तर देऊ नकोस, यातल्या चुका काढ.” अशा वेळी ते चांगलंच उपयोगी पडतं. आणि खरं तेही सांगायला हवं, काही वेळा चूक माझीच निघते. शेवटी आम्ही मोठी टाकी अंगणातच ठेवायची, गच्चीवर फक्त हजार लिटरची छोटी टाकी आणि अर्धा एचपीचा पंप असं ठरवलं. हजार लिटर पाणी सात मीटर वर चढवायला किती वेळ लागेल? मी वस्तुमान, गुरुत्व, उंची यांचा गुणाकार केला, पंपाच्या शक्तीने भागलं. उत्तर आलं तीन मिनिटं. एआय म्हणालं, घरगुती छोट्या पंपाची कार्यक्षमता बरीच कमी असते, शिवाय पाइपातलं घर्षण आहे, वीसेक मिनिटं धरा. मी मनात म्हटलं, आता सापडलास! अण्णांना घड्याळ लावायला सांगितलं. बावीस मिनिटं लागली. माझं तीन मिनिटांचं उत्तर वहीत तसंच ठेवलंय, खाली लाल शाईने ‘पंप पुस्तकातला नव्हता’ असं लिहून. पण हा पराभव मला आवडला, कारण आपण नक्की कुठे चुकलो हे मला कळलं. वहीत आधी काही लिहिलंच नसतं तर तेही कळलं नसतं.

छोट्या टाकीची जागा ठरवायला अण्णांनी तालुक्याहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी घरभर फिरून बीम-कॉलम पाहिले, गवंडीमामांना आत काय लोखंड टाकलंय ते विचारलं, आणि टाकी कोपऱ्यातल्या कॉलमच्या डोक्यावर घ्यायला सांगितली. मामा म्हणाले, “म्या बी हितंच म्हणत हुतो.” मी शेजारी वही घेऊन उभा होतो. त्या दिवशी मी एकही उत्तर दिलं नाही, पण प्रश्न अकरा विचारले. मोजलेत!

एक काम राहिलं होतं, तेही केलं. घरच्या ग्रुपवर लिहिलं की आधी पाठवलेलं गणित चुकीचं होतं, ते मी तपासलं नव्हतं, चूक मामांनी काढली. हा मेसेज टाइप करायला मला पहिल्या मेसेजपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. आत्याने त्यावर काहीच लिहिलं नाही. आजीला कुणीतरी वाचून दाखवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “शिकतोय अजून.”

परवा पुन्हा अण्णांचा फोन आला. गच्चीवर सोलर बसवायचं म्हणतात. “वारं लागलं तर उडणार तर नाही ना रे? बघून सांगतोस का?”

म्हटलं, “अण्णा, तासाभरात नाही जमणार. दोन दिवस द्या. आणि मामांना फोन द्या जरा, मला आधी त्यांना काही विचारायचंय.”

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी